गुलाबकाकांचं बाहेरगाव

गुलाबकाका बाहेरगावी निघाले की सगळ्या गुजरीला कळतं. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, पायात जोडा आणि पिशवीत भाकर-ठेचा, पाण्याची बाटली. दुकानाला कुलूप लावून ते ओळीतल्या प्रत्येकाला सांगतात, "येतो बापा गावाहून. लक्ष ठेवजा." मग ते बसस्टँडमागच्या कॉलनीत जातात. चालत गेलं तरी तहान लागत नाही, एवढंच ते अंतर.

गुजरी म्हणजे आमच्या सौंसरचा मधला बाजार. मी इथलीच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे असं काही लिहायला थोडी भीती वाटते. मोठ्यांना माझ्यापेक्षा पुष्कळ माहीत आहे. पण ते लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते.

काकांचं दुकान बैलांच्या साजाचं, मागे घर. कासरे, वेसणी, घुंगरमाळा. त्यांच्या तरुणपणी कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, दुकानासमोर रांगेनं उभ्या राहत. आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत आणि घुंगरमाळा लोक कारच्या आरशाला टांगायला नेतात. काकांना त्याचं दुःख नाही. "कारबी जनावरच हाय," ते म्हणतात, "फक्त चारा महाग खाते."

गुजरीनं बरंच पाहिलं आहे. नागपूर राजधानी होती तेव्हा आम्ही त्या राज्यात होतो. मग नव्या मध्य प्रदेशात आलो. जिल्हा छिंदवाडा होता, तो आता पांढुर्णा झाला. पाट्या हिंदीत लागल्या, भाव मात्र मराठीतच होत राहिले. कोणी काकांसमोर "सगळं बदललं" असं म्हणालं की ते विचारतात, "गुजरी हालली का?" समोरचा नाही म्हणतो. "मंग?" इथे विषय संपतो. एकदा बाहेरच्या एका पाहुण्यानं विचारलं, हे गाव नागपूरपासून किती दूर आहे? काका म्हणाले, "थे नागपूरले विचारा. दूर थे हाय."

अशा माणसानं एकुलती एक मुलगी, सुनंदाताई, त्या कॉलनीत दिली. काकांच्या भाषेत परगावी. पाठवणीला ते इतके रडले की शेवटी विहीणबाईंनीच समजूत काढली, आमच्या गच्चीवरून तुमचं घर दिसते म्हणून. तेव्हापासून शिदोरीची पद्धत. मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. ताई चहा ठेवते, काका चहाकडे पाहत ठेचा खातात.

या पावसाळ्यात काका दुकानाच्या पायरीवरून घसरले आणि गुडघा सुजला. काकू नाहीत. ताईनं एक खोली रिकामी केली, खाट टाकली आणि सांगितलं, आता आमच्याकडेच राहा. काका ऐकेनात. तेव्हा ती माझ्याकडे आली. म्हणाली, तू शिकून राहिली, तुझं ऐकतील.

मला असं बोलता येत नाही. तरी वाटेत सगळं पाठ केलं. वेळेवर जेवण मिळेल, डॉक्टर जवळ आहे, पाण्याचा तो नियम आता कोणी पाळत नाही, आणि गुजरीत रोज येता येईल. काका माळेत घुंगरू ओवत होते. मी सगळं म्हणून थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं?"

मी हो म्हटलं.

"मी तिच्या घरी रायलो, तं तिचं माहेर कुठं राहीन व पोरी?"

त्यांनी माळ मांडीवर ठेवली.

"उद्या सासूसंग वाजलं, तं पिशवी भरून कुठं येईन थे? मी तं तिच्याच ओट्यावर बसून राहीन." एवढं बोलून ते पुन्हा सुईत दोरा घालू लागले. तो जात नव्हता. मी घालून दिला.

ताईला मी जसंच्या तसं सांगितलं. तिनं ती खाट उचलून भिंतीला उभी लावली.

दिवाळी झाली आणि काका पुन्हा बाहेरगावी निघाले, पोरीला माहेरी आणायला. टोपी, जोडा, शिदोरी आणि या वेळी काठी. संध्याकाळी परत आले तेव्हा ताईची बॅग त्यांच्या खांद्यावर होती. त्यांनी ती कोणाला घेऊ दिली नाही. लंगडत प्रत्येक दुकानापुढे थांबत आणि सांगत, "पोरगी आली माहेरी."

त्याच सकाळी ताईला गुजरीत मेथीची जुडी घेताना सगळ्यांनी पाहिलं होतं. मेथी विकणाऱ्या मावशीनंच विचारलं, "केव्हा निघाली होतीस बाई? परवास बरा झाला ना?"

"हो मावशी," ताई म्हणाली, "बसाले जागा भेटली."

कोणी हसलं नाही. मला त्या घटकेला माझ्या गुजरीचा फार अभिमान वाटला.

काका तोवर पुढे गेले होते. कुलूप काढून आत गेले आणि भरलेला तांब्या घेऊन दारात उभे राहिले. लांबून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं असतं.