चोवीस आमरी आणि एक बोर्ड

वनखात्याच्या हेमांगी मॅडमचा फोन आला तेव्हा प्रज्योत कांबळे अंधेरीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत रोपांना पाण्याचा फवारा मारत होता. बोरिवलीच्या जंगलात लावायच्या आमरी, म्हणजे रानातली ऑर्किडं, आता उद्या न्यायच्या नव्हत्या. साहेबांची सही राहिली होती. आता पुढच्या शनिवारी.

"पण मॅडम, आमच्या रोपवाटिकेचं छप्पर उद्यापासून उतरवतायत! रोपं ठेवू कुठं?"

"आठवडाभर घरी सांभाळा ना. आणि हो, परवानगी चोवीस रोपांची आहे. तेवीस आणलीत तर फाईल पहिल्यापासून. मग पुढचा पावसाळा."

प्रज्योतने फोन ठेवला आणि रोपांकडे पाहिलं. पिठासारखं बारीक बी बाटलीत रुजवून, चार वर्षं सांभाळून ही एवढीशी झाली होती. एकेकाला बोटभर लांबीची चारपाच पानं. ज्या झाडावरून बी आणलं, ते झाड मागच्याच वर्षी रस्त्यात गेलं होतं. म्हणजे आता जे काही होतं ते हेच.

संध्याकाळी त्याने मुलुंडला आपल्या सोसायटीच्या आवारातल्या आंब्यावर काथ्याने चोवीस रोपं बांधली. रानातली आमरी झाडावरच राहते, त्यामुळे ती खूश दिसत होती. खाली सेक्रेटरी धोंडिराम शेलार कमरेवर हात ठेवून उभे होते. सोसायटीत विचारल्याशिवाय कबूतरही बसलेलं त्यांना खपत नसे.

"हे काय रे नवीन?"

"काका, ही धोक्यात असलेली वनस्पती आहे. कुणी हात लावू नये, एवढं बघा ना. आठवड्याचाच प्रश्न आहे."

"धोक्याची?" शेलार दोन पावलं मागे सरकले. "बरं झालं सांगितलंस. बघतो मी."

त्यांनी बघितलं. सोमवारी सकाळी आंब्याच्या बुंध्यावर लाल अक्षरांत बोर्ड लागला होता: 'सावधान! धोकादायक वनस्पती. हात लावू नये. हुकमावरून, सेक्रेटरी.' प्रज्योत घाईत मागच्या फाटकाने निघून गेला आणि रात्री अंधारात परतला, त्यामुळे तो त्याच्या नजरेसच पडला नाही.

दहा वाजेपर्यंत आंब्याखालच्या सगळ्या गाड्या हलल्या. तळमजल्यावरच्या आयांनी पोरांना घरात कोंडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या अल्पेशने रविवारी आंब्याखाली बाईक धुतली होती. बोर्ड वाचताच त्याच्या मनगटाला खाज सुटली. त्याने मनगटाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत आणखी पाच मनगटं आली. एकाने पोटाचाही टाकला, तो सेक्रेटरींनी काढायला लावला.

मंगळवारी अकराला प्रज्योत वर्गात शिकवत असताना आईचा फोन आला. द्रौपदीबाई तीस वर्षं रुग्णालयात नर्स होत्या. विनाकारण फोन करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"प्रज्योत, झाड तोडणारी माणसं आलीत. करवत आहे, शिडी आहे. मी झाडाखाली खुर्ची टाकून बसलेय. तू ये."

"झाड? कुणी बोलावलं?"

"शेलारांनी. फांद्या उतरवतायत म्हणे, आरोग्यासाठी. ये तू, मी उठत नाही."

प्रज्योतने वर्ग सोडला आणि रिक्षा पकडली. साकीनाक्याला गाड्या हलेनात. "भैया, अर्जंट आहे!" तो ओरडला. "साहब, यहां सबका अर्जंट है," रिक्षावाला म्हणाला आणि निवांत तंबाखू मळू लागला.

दीड तासाने तो पोहोचला. आंबा जागेवर होता. आई खुर्चीत होती, मांडीवर निवडायला घेतलेली मेथी होती. शिडी झाडाला टेकलेली होती आणि दोन्ही माणसं भिंतीशी बसून चहा पीत होती.

"तोडलं नाही?" प्रज्योत धापा टाकत म्हणाला.

"बोर्ड वाचला ना," त्यातला एक म्हणाला. "धोकादायक लिहिलंय. आम्हाला हातमोजे पण दिले नाहीत. वर चढून उद्या काही झालं तर घरी कोण बघणार? साहेबांना म्हटलं, तुम्ही चढा."

शेलार गच्चीकडे बघत होते.

मग तिथेच, आंब्याखाली, प्रज्योतने सगळ्यांना जमवून सांगितलं. ही वनस्पती कुणाला काही करत नाही, आपणच तिला करतो. तिची जंगलं गेली, म्हणून ती धोक्यात. हिचा वेणीसारखा गुलाबी तुरा आता जंगलात शोधूनही मिळत नाही. अल्पेशने मनगट खिशात घातलं. बायका हळहळल्या. शेलारांनी स्वतः खडूने नवा बोर्ड लिहिला: 'धोक्यात असलेली, अतिशय दुर्मीळ आमरी. शोधूनही मिळत नाही. जपा.'

"आता झकास," शेलार म्हणाले.

संध्याकाळी सेल्फी निघाले. पोरं टाचा उंचावून बघून गेली. प्रज्योत किती तरी दिवसांनी पोटभर जेवला. आणि सकाळी त्याने रोपं मोजली तेव्हा ती एकवीस भरली.

त्याने पुन्हा मोजली. फांद्यांवर तीन ठिकाणी काथ्याचे सफाईने कापलेले तुकडे लोंबत होते.

"वाट लागली," तो पायरीवर बसत म्हणाला. "आई, चार वर्षं गेली गं. घरोघर जाऊन विचारू?"

"विचार. सगळे नाहीच म्हणणार. शिवाय एकमेकांवर ढकलतील ते वेगळंच." द्रौपदीबाईंनी नव्या बोर्डाकडे बघितलं. "दुर्मीळ, शोधूनही मिळत नाही! चोराला पत्ताच दिलात की रे तुम्ही."

त्यांनी कचऱ्याच्या डब्यामागून जुना लाल बोर्ड काढला, पदराने पुसला आणि बुंध्यावर टांगला. मग रंगीत खडू घेऊन खाली नर्सच्या टापटीप अक्षरात एक ओळ घातली: 'परिणाम छत्तीस तासांनी दिसतात.'

"आई, हे खोटं आहे!"

"काय खोटं? कसले परिणाम, ते मी कुठं लिहिलंय?"

गुरुवारी सकाळी कांबळ्यांच्या दाराशी दुधाच्या पिशव्यांशेजारी एक रोप होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. दुपारी अल्पेश आला. "यार प्रज्योत, हे ना, वाऱ्याने माझ्या खिडकीत आलं वाटतं," असं म्हणून त्याने काथ्याची गाठ बांधलेलं रोप पुढे केलं. वाऱ्याने गाठ कशी मारली, हे प्रज्योतने विचारलं नाही. तेवीस झाली.

चोविसावं येईना. शुक्रवारचा दिवस सरला. उद्या सकाळी निघायचं होतं. प्रज्योत हेमांगी मॅडमना काय सांगायचं ते मनात जुळवत असताना बेल वाजली.

दारात शेलार होते. उजव्या हातात स्वयंपाकघरातला चिमटा होता आणि चिमट्यात, हातभर लांब धरलेली, आमरी.

"नीट जपली जावी म्हणून मी जरा घरी... सेक्रेटरी म्हणून जबाबदारी असते ना माझी," ते म्हणाले. मग एकदम आवाज खाली आला. "द्रौपदीताई, कालपासून अंगभर खाज आहे हो. डोळा लागला नाही. ह्यावर काही औषध?"

प्रज्योत तोंड उघडणार तोच आईने त्याच्या पायावर पाय दिला. शेलारांचा हात उलटासुलटा करून तिने गंभीरपणे तपासला.

"साबणाने आंघोळ करा. तेलकट टाळा. आणि महिनाभर दगदग नको. मीटिंगा, नोटिसा, काही नको."

"मीटिंगपण नाही?"

"खाज वाढते."

शनिवारी बोरिवलीच्या जंगलात जांभळाच्या झाडांवर चोवीसच्या चोवीस आमरी बांधल्या गेल्या. हेमांगी मॅडमनी दोनदा मोजून कागदावर खूण केली. शेवटची गाठ मारून प्रज्योत खाली उतरला तरी त्याची नजर वरच होती. एवढ्या मोठ्या रानात ती रोपं पार हरवून गेली होती; आता कुठली कुठं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. डोळे पुसायला त्याने चष्मा काढला.

"इथं एक बोर्ड लावू या का?" हेमांगी मॅडमनी विचारलं. "लोकांना माहिती होईल."

"नको गं बाई," सोबत आलेल्या द्रौपदीबाई घाईने म्हणाल्या. "लोकांना वाचता येतं, हीच तर सगळी पंचाईत आहे."