उघड्या डोळ्यांची गिऱ्हाइकं

सलूनवाल्यांना डुलकी लागली आणि गणिताच्या मास्तरांची अर्धी मिशी गेली. मास्तर स्वतः खुर्चीत घोरत होते, त्यामुळे ही वजाबाकी त्यांना घरी गेल्यावर बायकोने दाखवली. ती बाई तडक सलूनवाल्यांच्या बायकोकडे आली, आणि त्या घराला वळण लागलं.

"रात्रभर मोबाइलात डोकं घालून बसता, मग दुसऱ्याच्या डोक्याशी असं होतं," बायको म्हणाली. "आजपासून मोबाइल स्वयंपाकघरात झोपेल. संध्याकाळनंतर चहा बंद. खिडकी उघडी, दिवा बंद, आणि पडल्या पडल्या जगाची काळजीही बंद."

"मग अंथरुणात करायचं काय?"

"झोपायचं. जमतंय का बघा."

जमलं. थोड्याच दिवसांत सलूनवाले टवटवीत झाले. कात्री सटासट चालू लागली आणि तोंड तिच्याही पुढे धावू लागलं. हवापाणी, जावई, गुडघेदुखी, एकही विषय त्यांनी उपाशी ठेवला नाही. बाकडं मात्र हळूहळू रिकामं पडू लागलं. शेवटी त्यांनी बँकेतल्या कॅशियरना रस्त्यात गाठलं. त्यांचे केस कानांवर आले होते.

"साहेब, काही चुकलं का माझं?"

कॅशियर ओशाळले. "चुकलं नाही हो. पण पूर्वी तुमचा हात कसा गोगलगायीसारखा चालायचा. तोंड बंद. आमची जरा झोप व्हायची. आता तुम्हीच जागे, तर आम्ही झोपायचं कुठे?"

"म्हणजे तुम्ही माझ्याकडे केस कापायला येत नव्हता?"

"केस काय, कुठेही कापतात."

हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. इतकी वर्षं ते स्वतःला कलावंत समजत होते, आणि चालवत होते पाळणाघर.

"माझा मोबाइल दे," घरी येऊन ते म्हणाले. "झोपेपायी धंदा बसला."

"तुम्ही जागेच राहा," बायको म्हणाली. "त्यांना त्यांच्या घरी झोपवू."

तिने मास्तरांच्या बायकोला हाताशी धरलं. घरोघरचे मोबाइल स्वयंपाकघरात गेले, संध्याकाळचे चहा आटले, खिडक्या उघडल्या. रात्रीची झोप पुरी झाल्यावर केस कुठे कापायचे याची कोणाला पर्वा उरली नाही. जवळचं सलून म्हणून सगळे परत आले.

पहिले खुर्चीत बसले कॅशियर. डोळे टक्क उघडे.

"डावा कल्ला वर गेलाय," ते आरशात बघत म्हणाले.

"नेहमी तसाच असतो, साहेब."

"नेहमी?"

बाकड्यावरची माणसं उठून आरशापुढे आली. जो तो आपापले कल्ले चाचपू लागला.

"माझ्या मागे पायऱ्या आहेत का हो?" एकाने विचारलं.

"जिना म्हणा," मास्तर म्हणाले. "मी इतके दिवस बसमध्ये तुमच्या मागेच बसतोय."

सलूनवाल्यांनी कात्री खाली ठेवली. आता बोलण्यात अर्थ नव्हता. सगळे परत बसल्यावर त्यांनी तोंड मिटलं, हात पुसले आणि कॅशियरांचे कल्ले आधी बोटाने मापले. मग एकेक केस जणू विचारून कापायला घेतला. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, वाकून पाहिलं. सलूनमध्ये कात्रीची बारीक कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

काम संपलं. दोन्ही कल्ले अगदी एका रेषेत उतरले होते. आयुष्यात इतकं सुबक त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. अभिमानाने त्यांनी मागचा आरसा धरला.

"बघा, साहेब."

साहेब घोरत होते. सलूनवाल्यांनी मोठ्या आशेने आरसा बाकड्याकडे वळवला. बाकडंही घोरत होतं.