तसबिरीसमोरचा अंधार

"संत निकोलासमोर हे निळं डबडं उजळायचं नाही," देसान्काबाईंनी बजावलं. आज घराच्या संताचा सण. मेणबत्ती लागायची होती, पाहुणे यायचे होते.

त्यांच्या मुलाची, मियोद्रागची, अडचण वेगळीच. मोराव्हा नदीवरच्या पुलाचं गणित लॅपटॉप तीन दिवस सोडवत होता. उत्तर उद्या सकाळी नगरपालिकेत द्यायचं होतं. बॅटरी कधीच मेलेली, धड प्लग फक्त संताच्या तसबिरीखाली, आणि झाकण मिटलं की यंत्र झोपणार. त्याने कमांड देऊन नुसती स्क्रीन विझवली. आतला पंखा घरघरत राहिला.

"हं, आता कसं शहाण्यासारखं," आई म्हणाली.

जेवणं आटोपल्यावर त्याने न पाहताच स्क्रीन चालू करायची कमांड टाइप केली. अंधार. पुन्हा केली. अंधारच.

"मेलाय तो," राकिया दारूचा पेला ठेवत स्वेतोझारमामा म्हणाला. "सरक. बटण दाबून धरतो. आमचा टीव्ही असाच जिवंत केला मी."

"मामा, हात लावू नकोस. पूल पडेल."

"अजून बांधलाय कुठे?"

मामाचं बोट बटणापाशी पोचलं, तोच देसान्काबाई कडाडल्या, "मेणबत्ती जळतेय तोवर या कोपऱ्यातलं काही विझवायचं नाही, स्वेतो."

मामाने बोट मागे घेतलं. आणि पंखा थांबला.

खोलीत वातीची तडतड तेवढी उरली. मामाने छातीवर क्रूसाची खूण केली. गणित सुटलं, की यंत्रानेच मान टाकली?

"मियो," आई हळूच म्हणाली, "तू स्क्रीन विझवल्यावर मी कीबोर्डवरून जरा फडकं फिरवलं होतं. संतासमोर धूळ नको म्हणून. बटणं दाबली गेली असतील का रे?"

मियोद्राग कीबोर्डवर वाकला. फडक्याखाली ठरावीक दोन बटणं एकदम दाबली गेली, की लॅटिन अक्षरं जाऊन जुन्या वळणाची सिरिलिक अक्षरं येतात. म्हणजे इतका वेळ तो यंत्राला आजोबांच्या लिपीत हुकूम सोडत होता, आणि ते बिचारं एकही अक्षर न कळता गप्प बसलं होतं.

त्याने लिपी बदलली, कमांड दिली. स्क्रीन उजळली. गणित पुरं झालेलं. पूल भार पेलत होता.

"संतानेच पेलला," आई म्हणाली. "मी नुसतं फडकं फिरवलं."

मियोद्रागने आईचं कपाळ चुंबलं. निकाल पेनड्राइव्हवर घेतला, खिशात घातला. मग यजमानाच्या रीतीने वाइनच्या थेंबाने मेणबत्ती शांत केली, आणि कुठलीही कमांड न देता लॅपटॉपचं झाकण मिटलं.