हौसाबाई मगदूम यांनी लहान दुचाकीस दोन्ही वाटांचे टायर चढविले त्याची हकीकत

श्रीगजाननास वंदन करोन, आणि वाटेस वळण व चाकास गोलाई ज्याने दिधली त्यासही हात जोडोन, हकीकत लिहिली जाते ऐसीजे: शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद मास. ते समयी घाटमाथ्यावर एक दौलत होती. तिचे मस्तकी विस्तीर्ण कातळसडा, म्हणजे उघड्या खडकाचे पठार, सड्याचे पोटी ओढा, ओढ्याचे पायी धरण, आणि धरणाखाली नदीकाठच्या मळीत दर गुरुवारी म्हशींचा थोर बाजार भरे. सड्यावरचे पाणी धरणास पोचावयास एक प्रहर, म्हणजे तीन तास लागत, आणि म्हणोन वर किती पाऊस पडला हे जो आधी जाणेल त्याचे हाती खालच्यांचा जीव, ऐसा प्रकार होता. सड्यावर दौलतीने पर्जन्यमापक ठेविले होते. त्याचे शेजारी आपोआप आकडा धाडणारे यंत्रही बसविले होते, परंतु वीज पडोन ते मुके जाहले, आणि मग सारा भार हौसाबाई मगदूम यांजवर आला. बाईंचे वय पंचेचाळीस, अंग सडपातळ, आणि हरएक गोष्टीस 'असं का?' म्हणोन पुसण्याची मोठी खोड. बाईंनी रोज सकाळी शंभर सीसीच्या लहान दुचाकीवरोन सड्यावर जावे, साडेआठाचे ठोक्यास भांड्यातले पाणी मापाचे काचेत ओतावे, आकडा वहीत मांडावा, आणि वर मोबाईलास रेंज नसल्याकारणे खिंडीतल्या वळणावर उतरोन धरणाचे अभियंते कारंजकर साहेब यांस कळवावे, ऐसा अकरा वर्षांचा शिरस्ता होता.

त्या साली श्रावणात दरड कोसळली आणि डांबरी सडकेचा वरचा निम्मा भाग दरीत गेला, आणि दौलतीने घाईने डोंगर खरडोन लाल मातीची कच्ची वाट काढिली. ती वाट भिजली म्हणजे साबणासारखी होई. बाईंचे दुचाकीस साध्या सडकेचे टायर होते, ते डांबरावर गुणी आणि मातीत निकामी. बाई एकवार पडल्या ते कोणास न सांगता उठल्या, आणि दुसरे वेळी पडल्या तेव्हा मापाची काच फुटली, कोपर सोलवटले, आणि त्या दिवशीचा आकडा मिळाला नाही. कारंजकर साहेब फोनवर म्हणाले, "हौसाबाई, हातपाय मोडून घेऊ नका. वाट सुकेपर्यंत वर जाऊ नका. नसला आकडा तर नसला." बाई म्हणाल्या, "साहेब, मी गेले न्हाई म्हणून पाऊस पडायचा थांबतोय व्हय?"  साहेबांनी काच तेवढी नवी पाठविली.

मग बाई पेठेत गेल्या. तेथे बाबालाल नदाफ नामे टायरवाले होते, तीस वर्षे त्याच कामात मुरलेले, बोलणे थोडे आणि हात मोठे. त्यांनी बाईंचे वर्तमान ऐकोन भिंतीवरचा एक टायर काढिला. त्यास ठळक रबरी गोट्या होत्या. म्हणाले, "ह्यो बटण टायर, अक्का. चिखलात घोरपडीगत चिकटतो." बाई म्हणाल्या, "आणि डांबरावर?" बाबालाल म्हणाले, "डांबरावर जरा जपून." बाईंनी पुसिले, "जपून म्हंजे काय होतं? मला बघायचंय." तेव्हा बाबालाल चकित जाहले, कारण टायर घेणारा भाव पुसतो, कारण पुसत नाही. दुकानापुढे ट्रक धुतल्याचा लाल चिखल साचला होता. बाईंनी पदर खोचिला आणि साधा टायर हाताने त्यातोन लोटला. त्याच्या बारीक खाचा क्षणात भरोन गेल्या आणि तो पाटीसारखा सपाट जाहला. मग बटण टायर लोटला. त्याने खोल ठसे उमटविले, आणि हिसका देताच गोट्यांमधला चिखल आपसूक गळाला. बाई हरखल्या, परंतु तेवढ्यावर न थांबता त्यांनी तोच टायर ओल्या डांबरावर उभा केला आणि सारा भार घालोन आडवा रेटला, तो गोट्या बुडापासोन वाकल्या आणि टायर सरकला. बाई म्हणाल्या, "हे बघा, वळणावर हे असं डुलणार. माझी निम्मी वाट डांबरीच हाय, आणि एका अंगाला दरी."

मग बाबालाल आत जाऊन तिसरा टायर घेऊन आले. त्याची मधली नक्षी दाट आणि कडेच्या गोट्या सुट्या होत्या. म्हणाले, "कंपनीवाले ह्याला ड्युअल-स्पोर्ट म्हणत्यात. मी आपला दुतोंडी म्हणतो." बाई म्हणाल्या, "नावाचं ऱ्हाऊ द्या, रबर दाखवा." त्याचीही परीक्षा जाहली. चिखलात त्याने बटणाहून कमी आणि साध्याहून पुष्कळ धरिले, आणि डांबरावर तो डुलला नाही. बाबालाल खरे बोलणारे, म्हणोन त्यांनी सांगितले, "अक्का, ह्यो दोन्हीकडं थोडा कमीच पडतो. मागून मला बोलू नका." बाई म्हणाल्या, "कमी किती पडतो ते मी डोळ्यांनी बघितलं. तेवढं मी सांभाळीन. चढवा."

बाईंचे मनात मागे अंमळ रुंद टायर घालावा ऐसे होते. बाबालालांनी साखळी आणि जुना टायर यांचे फटीत बोटे घातली आणि म्हणाले, "इथं दोनच बोटं जागा हाय. रुंद घातला आणि चिखल बसला की साखळी घासणार." मग मापाचाच टायर ठरला, आणि पुढच्या चाकावर चिखल अडोन चाक जाम होऊ नये म्हणोन वॉशर घालोन मडगार्ड बोटभर उचलिले. नवे टायर उन्हात ठेवोन नरम केले, ट्यूबेस पावडर चोळिली, कडांस साबणाचे पाणी लाविले, आणि बाबालालांनी लोखंडी पट्ट्यांनी, ट्यूब न चिमटता, टायर रिंगेवर चढविला. हवा भरताच कड फटकन जागेवर बसली. बाई चाकाभोवती बसोन निरखीत होत्या. म्हणाल्या, "बाबालालभाऊ, ह्यो बाण कशाला?" ते म्हणाले, "चाक ज्या अंगाला फिरतं त्या अंगाला बाण पायजे." बाई म्हणाल्या, "मग ह्यो मागच्या अंगाला कसा?" बाबालालांनी पाहिले आणि त्यांचे कान तांबडे जाहले. मग ते हसले आणि म्हणाले, "तीस वर्षांत माझं काम कुणी तपासलं न्हाई, अक्का," आणि मागचे चाक पुनः खोलोन टायर सुलटा बसविला. निघताना बजाविले की नवे रबर तुळतुळीत असते, दोन दिवस वळणावर हळू जावे, आणि मातीत हवा जरा कमी ठेवावी. 'जरा' या शब्दाने बाईंचे समाधान कसे व्हावे? त्यांनी हवा मोजावयाचा काटा आणि पायाचा पंप संगे घेतला, आणि पुढे काही दिवस कधी अठ्ठावीस पौंड, कधी चोवीस, एकदा अठरा ठेवोन पाहिले. अठरास रिंग दगडावर आपटली, आणि अखेर मागे बावीस हा आकडा त्यांनी वहीचे शेवटचे पानावर मांडिला.

पुढे भाद्रपद वद्यात एके बुधवारी दुपारपासोन सड्यावर भुरभुर लागली, आणि गुरुवारी उजाडता उजाडता ऐसा पाऊस कोसळला की समोरचा हात दिसेना.  मळीत म्हशी, व्यापारी, चहाचे तंबू, सारे जमो लागले, कारण खाली भुरभुरच होती आणि धरण शांत होते. बाई निघाल्या. डांबरावर पाण्याची चादर वाहत होती ती टायरांनी कापिली, आणि लाल वाटेस लागताच बाईंनी मागची हवा बावीसास आणिली. एका घळीपाशी मागचे चाक डाव्या अंगास दरीकडे घसरले. बाईंनी ब्रेकास हात लाविला नाही, पायदानावर उभ्या राहोन वेग तैसाच ठेविला, आणि कडेच्या गोट्या मातीत रुतल्या आणि गाडी सुलटी वर चढली. साडेआठास त्यांनी भांडे उघडिले. वीस मिलिमीटरांची काच नऊ वेळा काठोकाठ भरली आणि दहावे वेळी सातावर थांबली. बाईंचा स्वतःवर विश्वास बसेना. ओतलेले पाणी बादलीत राखिले होते, ते त्यांनी पुनः मोजिले. आकडा तोच आला.

वळणावर येऊन त्यांनी फोन केला. "साहेब, एकशे सत्त्याऐंशी." साहेब म्हणाले, "सत्त्याऐंशी?" बाई ओरडल्या, "एकशे! एकशे सत्त्याऐंशी!" साहेब म्हणाले, "इथं पातळी तर हलली नाही. बाई, आज बाजार आहे. भोंगा वाजवला आणि पाणी आलंच नाही, तर लोक पुढच्या वेळी ऐकणार नाहीत. खात्री आहे?" बाई म्हणाल्या, "दोनदा मोजलंय. ओढ्याचा आवाज मला इथवर येतोय, साहेब. वाजवा." साहेबांनी धरणावरचा इशाऱ्याचा भोंगा वाजविला. व्यापारी चिडले, शिव्याही दिधल्या, परंतु म्हशी सोडिल्या आणि गावाकडे चढले, आणि साहेबांनी दरवाजे थोडेथोडे उचलोन धरणात जागा करविली. साडेअकराचे सुमारास ओढा लाल होऊन धरणात कोसळला, आणि दुपारी मळीवर पुरुषभर पाणी होते. चहाचे दोन तंबू आणि कडब्याची एक गंज वाहोन गेली. माणूस गेले नाही, म्हैसही गेली नाही.

चवथे दिवशी कारंजकर साहेब जीप घेऊन सड्याकडे निघाले. जीप लाल मातीत रुतली, तेव्हा बाईंनी त्यांस दुचाकीचे मागे बसविले, आणि साहेब दोन्ही हातांनी मागची कडी धरोन, डोळे मिटोन वर आले. तारेचे कुंपणात गुडघाभर उंचीचे एक भांडे उभे होते. साहेब म्हणाले, "एवढंसंच?" बाई म्हणाल्या, "एवढंच." साहेब पुष्कळ वेळ त्याकडे पाहात राहिले. अकरा वर्षे ते याच्या आकड्यावर दरवाजे उचलीत आले होते आणि त्यांनी ते कधी पाहिले नव्हते. मग म्हणाले, "आज मी ओतू का?" त्यांनी पाणी काचेत ओतले आणि वरोनच पाहोन आकडा बोलिले. बाई म्हणाल्या, "असा न्हाई, साहेब. डोळा पाण्याच्या बरोबरीला आणावा लागतो." तेव्हा दौलतीचे अभियंते चिखलात गुडघे टेकोन खाली वाकले, एक डोळा मिटला, आणि हळूच म्हणाले, "चार... आणि दोन बारीक रेघा."

एकूण वृत्तांत इतका: टायर उत्तम निघाले, बाजार दुसरे गुरुवारी पुनः भरला, आणि बाईंनी साहेबांनी वाचलेला तो आकडा वहीत मांडोन त्यापुढे साहेबांची सही घेतली. घडले तैसे लिहिले. लेखनसीमा.