गावडे काका आणि साबणाची वडी

सुभद्राबाईंवर अन्याय झाला तो धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊला. सानपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या वॉचमनची ही बायको. तिच्या पिंढरीला कुत्रा चावला आणि सरकारी दवाखान्यानं सांगितलं, इंजेक्शन संपलंय, सोमवारी या. रेबीज सोमवारची वाट बघत नाही. मेंदूपर्यंत पोचला की माणूस संपला.

दवाखान्यात जाण्याआधी ती गावडे काकांच्या तावडीत सापडली होती, हे तिचं नशीब. काका न्हावा शेवा बंदरातून रिटायर झालेले, राहायला एकटे. खिशात कायम साबणाची वडी. कुत्रा चावलेला माणूस दिसला की धरून नळाखाली. "आधी नळ, मग बोला." जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायची; घड्याळ लावलं तर लोक लबाडी करतात, म्हणून गणपतीच्या सगळ्या आरत्या म्हणायला लावायचे, मंत्रपुष्पांजलीपर्यंत पाय नळाखाली. एका ट्रक ड्रायव्हरला आरत्या येईनात, तर त्याच्याकडून दिल्लीपर्यंतचे ढाबे वदवून घेतले.

सुभद्राबाईंच्या जखमेवर शेजारणींनी लाल तिखट दाबलं होतं. आमच्याकडे हाच रामबाण! काका ते धुवायला लागले तेव्हा तिला आरती कुठली सुचायला?

"मग शिव्या घाल, पण पाय काढू नकोस."

तिनं कुत्र्यापासून सुरुवात केली आणि चेअरमनपर्यंत पोचली.

दवाखान्यातून ती रडत परत आल्यावर काका तिला घेऊन पुन्हा गेले, मागोमाग मी. काका बाकावर बसले आणि कंपाउंडरला शांतपणे विचारलं, "सोमवारपर्यंत आम्ही इथंच. जेवणाचं काय करता तुम्ही लोक?" मुंबईला जा, असं डॉक्टर म्हणाले. काका म्हणाले, फोन तुमचा, गाडी तुमची, बाई आमची. मी घोषणा सुरू केल्या तर मलाच दटावलं, घसा जप, दुपारी लागेल. लागला नाही. चार वाजता थर्मासमधून इंजेक्शन आलं. पुढची सगळी तिनं वेळेवर घेतली. बाई ठणठणीत आहे.

इकडे पोरं काठ्या घेऊन कुत्र्यामागे. काकांनी त्याला स्वतःच्या गॅलरीत बांधलं. दहा दिवस नजरेखाली ठेवायचा; जगला तर चावला तेव्हा त्याला रेबीज नव्हता. कुत्रा जगला. आता सोडा, असं मी सांगायला गेलो तर म्हणाले, "थोडं निरीक्षण बाकी आहे."

महिना झाला तरी निरीक्षण चालूच. एका दुपारी मी बेल वाजवणार, तोच आतून आवाज आला, "वांगं तुला आवडत नाही, ठाऊक आहे मला. आजच्या दिवस खा. उद्या तू सांगशील ते करू."

मी बेल न वाजवता खाली उतरलो.

आता तुम्ही. उद्या सकाळी जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. कुत्रा चावल्यावरचं इंजेक्शन शिल्लक आहे का, एवढंच विचारा. नाही म्हणाले तर घरी येऊ नका. बाकावर बसा.