सक्षम प्राधिकाऱ्याच्या ताब्यातला पाळणा

कोणतीही सुसंस्कृत व्यवस्था दारापासून सुरू होत नाही. 'परवानगीशिवाय आत येऊ नये' या पाटीपासून सुरू होते. दार नंतर बसवलं तरी चालतं.

हे सत्य उल्हासरावांना चौतीस वर्षांच्या केंद्र सरकारी नोकरीत उमगलं होतं. (खातं कोणतं, ते सांगायची या कथेला परवानगी नाही.) सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त होऊन, दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर सोडून ते त्याच शहरातल्या द्वारकेला सातव्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा खिशाला पेन होतं, पण शेरा मारायला कागद नव्हता. माणूस अशानं खंगतो. मग एकसष्टाव्या वर्षी त्यांनी पायथन नावाची संगणकाची भाषा शिकायला घेतली आणि चौथ्या धड्यात त्यांना फाइलींच्या परवानग्या भेटल्या. भर वैशाखात वाटेवर माठ दिसावा, तसे ते थबकले.

संगणकात प्रत्येक फाइलीपाशी तिघांची नोंद असते: मालक, त्याचा गट आणि इतर. वाचायला चार, लिहायला दोन, चालवायला एक. बेरीज केली की माणसाची लायकी कळते. सात म्हणजे सर्वाधिकार, शून्य म्हणजे शेजारी. एका ओळीचा प्रोग्रॅम लिहिला की हजार फाइलींची कुलपं एका दमात फिरतात. जे काम अडवायला उल्हासरावांच्या सेक्शनला अकरा माणसं आणि चार महिने लागत, ते आता डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अडू लागलं.

सुरुवात घरच्या फोटोंपासून झाली. पण चांगली गोष्ट संगणकात किती दिवस कोंडून ठेवणार? लवकरच फ्रिजवर तक्ता लागला. त्यातल्या काही नोंदी:

सुमित्राबाई (पत्नी): फ्रिज ७, टीव्हीचा रिमोट ४.
वीणा (मुलगी, बाळंतपणाला माहेरी): डिंकाचे लाडू ५. बघणे व खाणे. कृतीत बदल सुचवणे नाही.
बळवंतराव (जावई, छावणीतले कॅप्टन): श्रीखंड ४. बघू शकतात.
इतर: सर्वत्र ०.

पहिल्याच पंधरवड्यात घरातली बेशिस्त एक्काहत्तर टक्क्यांनी घटली. (उरलेली एकोणतीस टक्के बळवंतरावांनी वाटीत घालून खाल्ली.)

आणि मग पाळणा आला.

नातीचं बारसं रविवारी होतं. सुमित्राबाईंनी तिच्यासाठी अकरा कडव्यांचा पाळणा रचला होता. मेथी निवडताना एक ओळ, मेट्रोत एक ओळ, सगळ्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवलेल्या. बळवंतरावांची आई कोल्हापूरहून येणार होती आणि त्या माउलीचा आवाज तीन गल्ल्या ओलांडतो म्हणतात. तिच्यापुढे मुलीच्या आईनं गप्प बसायचं नव्हतं. उल्हासरावांनी पाळणा टाइप करून दिला आणि कागद फाडून टाकले. दोन प्रती म्हणजे गळतीचा धोका.

"अहो, त्याची मालकीण मलाच करा हं," सुमित्राबाई म्हणाल्या.

"बिल्कुल नाही. वापरणार तुम्ही आणि मालकही तुम्ही? उद्या चौकशी झाली तर?"

स्वतः मालक व्हायलाही त्यांचं मन घेईना. उभ्या नोकरीत त्यांनी एकही परवानगी स्वतः दिली नव्हती. 'मान्यतेस्तव सादर' लिहून वर पाठवली होती. घरात वर कोणीच नव्हतं. म्हणून त्यांनी संगणकात 'सक्षम प्राधिकारी' नावाचं खातं उघडलं, पाळण्याचं फोल्डर त्याच्या नावे केलं, आपले सगळे अधिकार त्याच्याकडे वर्ग केले आणि कुटुंबासह गटात जाऊन बसले. गटाला चार. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. डोक्यावर पुन्हा कोणीतरी होतं.

शनिवारी सकाळी सुमित्राबाई पाळणा छापून घ्यायला बसल्या. नाव दिसलं. उघडेना. फोल्डरचा नियमच तसा आहे: नुसते चार असले तर आतल्या फाइलींची नावं वाचता येतात, आत पाऊल टाकायला वरचा एक लागतो. काचेच्या कपाटात लोणच्याची बरणी दिसावी आणि कपाटाला मूठच नसावी, तसं.

"बाबा, यार, त्या प्राधिकाऱ्याच्या नावानं लॉग-इन करा ना," वीणा म्हणाली.

"पासवर्ड लागेल."

"मग टाका."

"सुरक्षित ठेवलाय."

"कुठे?"

उल्हासरावांनी पडद्याकडे बोट दाखवलं. पाळण्याच्या खालीच दुसरं नाव दिसत होतं: 'सक्षम प्राधिकारी यांचा पासवर्ड'.

बाळानं एक जांभई दिली.

"अच्छा," सुमित्राबाई म्हणाल्या. "म्हणजे गाणं माझं, नात माझी, आणि ज्याला विचारायचं तो माणूसच नाही."

"पद आहे," उल्हासराव हळू आवाजात म्हणाले. "रिक्त आहे."

रविवारी विहीणबाई गायल्या. लिफ्टमधले लोक चुकीच्या मजल्यावर उतरून ऐकत राहिले. मग पाळण्याची दोरी सुमित्राबाईंच्या हाती आली. त्यांना पहिलंच कडवं तेवढं आठवत होतं.

द्वारकेच्या आभाळी विमानांची गं ये-जा,
निजली माझी बाय, नका करू गाजावाजा.

पुढे कोरं. दोरी थांबली. वीणेनं मान खाली घातली. सुमित्राबाईंची नजर भिरभिरत फ्रिजवरच्या तक्त्यावर गेली, तिथेच क्षणभर टेकली, आणि दोरी पुन्हा हलली.

आजोबांनी लावलं कुलूप साखरेच्या डब्याला,
मुंगी गेली आत, तिनं विचारलं कुणाला?

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. विहीणबाईंनी ते कडवं उचलून दोनदा म्हटलं. बाळ झोपलं. बळवंतराव या गडबडीत फ्रिजकडे सरकले.

गंभीर होते ते एकटे उल्हासराव. मंजूर कडवी अकरा, हे बारावं. त्यांनी ते नोंदवायला घेतलं, पण फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी त्यांना नव्हती. म्हणून ते नाइलाजानं इथे छापलं आहे.

आता प्रश्न वाचकांचा. तक्त्यात आपली नोंद 'इतर' या रकान्यात आहे आणि आकडा शून्य. तरी आपण ते कडवं वाचलंत. काहींनी तर गुणगुणलंही. कुणाला विचारलंत, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा. खुलाशाचा नमुना त्याच फोल्डरमध्ये आहे.