तात्यांना गाईड पाहिजे

एमबीएचा गाईड ठरवायला कोणी भावकीतली चार माणसं आणि सुपारी घेऊन येतं का? शेजारच्या माण गावचे दगडूतात्या आले. मी स्टाफरूममध्ये डबा खात होतो. चौघे टोप्या सारख्या करत समोर बसले आणि त्यातल्या थोरल्याने विचारलं, "मंग सर, तुमची काय अपेक्षा?" मी डबा मिटला.

तात्या आमच्या मुळशीतल्या कॉलेजचे सगळ्यात थोर विद्यार्थी. साठी जवळ आलेली. तरुणपणी बी.कॉम. झालेले. शेती आयटी पार्कात गेली, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या उठल्या आणि तात्या एमबीएला आले. मार्केटिंगचे सर 'ग्राहक राजा असतो' म्हणाले, की हे पुटपुटणार, "राजाला म्हनावं, पान्याची मोटर बंद करत जा."

शेवटच्या सत्रात आमच्याकडे 'स्वतंत्र अभ्यास' नावाची एक सोय आहे. विषय आपला आपण सुचवायचा, एका प्राध्यापकाला गाईड म्हणून राजी करायचं आणि समितीची मान्यता घ्यायची. कष्ट पडतात, म्हणून पोरं त्या वाटेला फिरकत नाहीत. तात्यांनी मात्र हट्टच धरला. विषय, 'भाडेकरू टिकवणे'. मी लातूरकडचा भिडस्त माणूस. चौघांपुढे नाही कसं म्हणू? "बघू," म्हणालो. तात्यांनी लगेच सुपारी फोडली!

समितीपुढे मी अंग चोरूनच बसलो. डायरेक्टर मॅडम म्हणाल्या, "तात्या, तुमची एकही खोली रिकामी नाही. मग प्रॉब्लेम काय आहे?"

"खोल्या भरल्यात वं. मानसं टिकत न्हाईत." तात्यांनी खाली बघितलं. "वरच्या खोलीत अमरावतीची एक पोरगी व्हती. आमच्या मंडळीच्या आजारपनात तिनं रोज हातानं भात भरवला. मंडळी गेली, तवा माझ्यापरीस तीच जास्त रडली. मंग तिला बंगळूरला नोकरी लागली. मी भावकीतल्या लग्नाला परगावी गेलो व्हतो, आलो तर ती गेलेली, खोलीत दुसरंच कोनतरी. आता फोन लावावा तर काय म्हनून लावू? मी तिचा कोन? घरमालक!"

मॅडमनी हळूच विचारलं, "पण या अभ्यासातून निघणार काय?"

"काय न्हाई निघनार. पर गाईडनं सांगितलं, सोडून गेलेल्यांच्या मुलाखती घ्या, की मला तिला फोन लावता यील. कारन असंल ना!"

मला भडभडून आलं. "मी गाईड," मी म्हणालो. मॅडमनी मान डोलावली. "आणि तात्या, पहिली मुलाखत तिचीच. आत्ता, इथूनच लावा."

तात्यांनी नंबर काढून फोन माझ्या हातात दिला, मी तो स्पीकरवर लावला. पलीकडून आवाज आला, "तात्या! अहो, कुठे होता तुम्ही? जेवलात का?"

आणि आमचे थोर संशोधक एकही प्रश्न न विचारता, टोपी तोंडाला लावून ढसाढसा रडायला लागले.